एआय कंपन्यांचा पैसा, धोका आणि राजकारण: वाचायला सुरुवात देण्यांच्या तारखांपासून करा

प्रश्न असा आहे: एआय कंपन्या अब्जावधी डॉलरचा तोटा करतात, तरी त्यांचं मूल्यांकन वाढतच जातं. आपल्या तंत्रज्ञानाच्या धोक्यांचे इशारे त्या स्वतःच देतात आणि त्याच वेळी कायदे करणाऱ्यांच्या दारात त्यांचीच माणसं बसलेली असतात. याचा अर्थ कसा लावायचा, आणि बाहेरच्या माणसाने नेमकं काय तपासायचं?

पैसा, धोका आणि राजकारण हे तीन सुटे विषय धरले तर गोंधळच वाढेल. या कंपन्यांची देणी ठरलेल्या तारखांची आहेत आणि येणं अजून अंदाजाचं आहे. मधली तूट भरायला तीनच जण असतात: गिऱ्हाईक, सावकार (यात गुंतवणूकदारही आले) किंवा सरकार. गिऱ्हाईक पुरेसं पडत नसेल तर उरलेल्या दोघांकडे जावं लागतं. त्यांचं राजकीय वजन का वाढतंय याचं उत्तर मला बरंचसं इथेच सापडतं. म्हणून आधी देणी पाहू.

जाहीर झालेला आकडा, सही झालेला आकडा आणि खर्च झालेला आकडा या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. बातम्यांमध्ये त्या सर्रास एकत्र होतात. सप्टेंबर २०२५ मध्ये चिप बनवणारी एनव्हिडिया चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयमध्ये १०० अब्ज डॉलर गुंतवणार अशी बातमी जगभर गेली. प्रत्यक्षात हातात होतं ते इरादापत्र. त्यात ‘१०० अब्जपर्यंत’ असं लिहिलं होतं आणि रक्कम डेटा सेंटरची १० गिगावॉट क्षमता जसजशी उभी राहील तसतशी द्यायची होती. नोव्हेंबरमध्ये एनव्हिडियाने स्वतःच्या तिमाही विवरणपत्रात बजावलं की अंतिम करार होईलच याची खात्री नाही. ओपनएआय आणि भागीदारांच्या ‘स्टारगेट’ या डेटा सेंटर प्रकल्पाचंही तसंच. २१ जानेवारी २०२५ रोजी व्हाइट हाउसमध्ये ५०० अब्ज डॉलरचा आकडा सांगितला गेला, पण तो चार वर्षांत करायच्या खर्चाचा इरादा होता. त्या दिवशी बँकेत पडलेली ती रक्कम नव्हती. म्हणून मथळ्यात ‘पर्यंत’, ‘इरादा’ किंवा ‘इतक्या वर्षांत’ यांपैकी काही दिसलं, की तो आकडा कमाल मर्यादा आहे असं समजून पुढे वाचा.

आता करारांच्या बांधिलक्या. ओपनएआयचे प्रमुख सॅम ऑल्टमन यांनी नोव्हेंबर २०२५ मध्ये दोन आकडे एकाच दमात सांगितले: वर्षअखेर वार्षिक दराने २० अब्ज डॉलरहून अधिक महसूल, आणि पुढच्या आठ वर्षांत सुमारे १.४ लाख कोटी डॉलरच्या बांधिलक्या. सरळ भागाकार केला तर वर्षाला १७५ अब्ज डॉलर. बहुतेक खर्च पुढच्या वर्षांत आहे आणि काही करारांत मागे सरकायला जागा असेल हे धरलं, तरी तफावत आठ-नऊ पटींची आहे. शिवाय ‘वार्षिक दर’ म्हणजे वर्षाचा महसूल नव्हे. एका चांगल्या महिन्याच्या कमाईला १२ ने गुणलं की तो मिळतो. २० अब्जांचा दर म्हणजे त्या महिन्यात साधारण १.६७ अब्ज आले, एवढंच. आधीच्या अकरा महिन्यांत त्याहून कमी आले असणार. वार्षिक सदस्यत्वाचे पैसे एकदम जमा धरले आहेत का, सवलतीतले ग्राहक मोजलेत का, हेही त्या आकड्यावरून कळत नाही.

कंपनी खासगी असेल तर तोटा कसा मोजायचा? एक आडवाट आहे. शेअर बाजारात नोंदलेल्या ज्या कंपनीचा तिच्यात मोठा हिस्सा आहे, तिचे हिशेब उघडा. मायक्रोसॉफ्टला ओपनएआयमधल्या आपल्या हिश्शाइतका तोटा स्वतःच्या खात्यात दाखवावा लागतो. ३० सप्टेंबर २०२५ ला संपलेल्या तिमाहीत त्यामुळे मायक्रोसॉफ्टचा निव्वळ नफा ३.१ अब्ज डॉलरने घटला. ऑक्टोबरच्या फेररचनेनंतर तिचा हिस्सा सुमारे २७ टक्के होता. त्या मापाने पाहिलं तर ओपनएआयचा एका तिमाहीचा तोटा ११ अब्ज डॉलरच्या पुढे जातो. हा ढोबळ हिशेब आहे. हिस्सा तिमाहीभर तेवढाच होता असं नाही, करांचा परिणाम असतो, आणि तोट्यात रोख न गेलेल्या नोंदीही असू शकतात. पण महिनोन्‌महिने ‘सूत्रांच्या मते’ वाचत बसण्यापेक्षा ही एक ओळ जास्त सांगते.

पुढचं कोडं वर्तुळाकार व्यवहारांचं. एनव्हिडिया ओपनएआयमध्ये पैसे घालते. ओपनएआय ओरॅकलकडून संगणनक्षमता घ्यायचा करार करते. ओरॅकल ती क्षमता उभी करायला एनव्हिडियाच्याच चिप विकत घेते. एनव्हिडियाची स्पर्धक एएमडीने ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याहून पुढचं पाऊल टाकलं: ओपनएआयने तिच्या ६ गिगावॉटच्या चिप टप्प्याटप्प्याने बसवल्या तर तिला एएमडीचे १६ कोटींपर्यंत समभाग प्रत्येकी एका सेंटला घेण्याचा हक्क. एआयची संगणनक्षमता भाड्याने देणाऱ्या कोअरवीव्हच्या बाबतीत एनव्हिडिया भागधारक आहे, पुरवठादार आहे आणि २०३२ पर्यंत न विकली गेलेली क्षमता स्वतः घेण्याची बांधिलकी पत्करलेला ग्राहकही आहे. त्या बांधिलकीची सुरुवातीची किंमत ६.३ अब्ज डॉलर.

यात बेकायदेशीर काही नाही. दुकानदाराने गिऱ्हाइकाला पैसे देऊन आपलाच माल घ्यायला लावण्याचा प्रकार जुना आहे. १९९० च्या दशकाअखेर ल्यूसेंटने नव्या दूरसंचार कंपन्यांना असंच कर्ज देऊन यंत्रं विकली, आणि त्या कंपन्या बुडाल्या तेव्हा विक्रीही गेली आणि कर्जही. दोष असा की मागणीचा आकडा गढूळ होतो. शिवाय एक कडी तुटली की पुरवठादाराचा महसूल, त्याची गुंतवणूक आणि क्षमता भाड्याने घेणाऱ्याची पत एकाच दिवशी पडतात. तपासायचा प्रश्न सोपा आहे: या साखळीत शेवटच्या ग्राहकाने, म्हणजे साखळीबाहेरच्या माणसाने, खिशातून किती पैसे घातले? ओरॅकलने सप्टेंबर २०२५ मध्ये ४५५ अब्ज डॉलरची ‘पुरी करायची राहिलेली ऑर्डर’ जाहीर केली आणि समभाग एका दिवसात सुमारे ३६ टक्के चढला. त्यातले सुमारे ३०० अब्ज एकट्या ओपनएआयचे असल्याची बातमी लगेच आली. पुढच्या दोन-तीन महिन्यांत ती सगळी चढण ओसरली. ऑर्डरचा आकडा पाहताना ती किती ग्राहकांत विभागली आहे ते पाहायलाच हवं. कोअरवीव्हच्या समभागविक्रीच्या कागदपत्रांतही हेच दिसत होतं: २०२४ च्या महसुलातला ६२ टक्के एकट्या मायक्रोसॉफ्टकडून.

घसाऱ्याकडे सहसा कोणी बघत नाही, आणि खरी मेख तिथे आहे. समजा एखाद्या कंपनीने ६० अब्ज डॉलरचे सर्व्हर घेतले. ते सहा वर्षं चालतील असं धरलं तर दरवर्षी १० अब्ज खर्च दिसतो. तीन वर्षं धरली तर २० अब्ज. यंत्र तेच, वीज तीच, खात्यातून गेलेले पैसे तेच. फक्त लेखापालाने धरलेलं आयुष्य बदललं आणि नफ्यात १० अब्जांचा फरक पडला. जानेवारी २०२५ मध्ये मेटाने आपल्या बहुतेक सर्व्हरचं आयुष्य वाढवून साडेपाच वर्षं केलं. त्याच महिन्यापासून ॲमेझॉनने काही सर्व्हरचं आयुष्य सहावरून पाच वर्षांवर आणलं, आणि एआयमधल्या बदलांचा वेग हे कारण दिलं. धंदा एकच, महिना एकच, निष्कर्ष उलटे. चिप जळेल की नाही हा इथे मुख्य प्रश्नच नाही. नवी चिप त्याच विजेत कित्येक पट काम करू लागली की जुनीचं भाडं पडतं, आणि जुनी तारण ठेवून घेतलेलं कर्ज मात्र मूळ वेळापत्रकानेच फेडायचं असतं. जुन्या चिप हलक्या कामाला लागतात हा कंपन्यांचा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. पण हलक्या कामाला भाडंही हलकंच मिळतं.

कर्ज कुठे ठेवलंय तेही पाहा. लुइझियानातल्या ‘हायपेरियन’ डेटा सेंटरसाठी मेटाने ऑक्टोबर २०२५ मध्ये ब्लू आउल कॅपिटल या खासगी पतपुरवठादारासोबत २७ अब्ज डॉलरची संयुक्त कंपनी काढली. ८० टक्के हिस्सा ब्लू आउलच्या निधींचा, २० टक्के मेटाचा. इमारत त्या कंपनीची, आणि मेटा भाडेकरू. भाडेपट्टा आधी चार वर्षांचा, पुढे वाढवण्याची मुभा. मात्र मेटा सोडून गेली तर मालमत्तेची किंमत ठरलेल्या पातळीखाली जाऊ नये म्हणून मेटाने हमी दिली आहे. कर्ज मेटाच्या ताळेबंदावर कर्ज म्हणून दिसत नाही, पण जोखमीचा मोठा तुकडा तिच्याकडेच राहतो. अशा व्यवहारांतला खासगी पतपुरवठा करणाऱ्या निधींचा पैसा बराचसा विमा कंपन्या आणि निवृत्तिवेतन निधींकडून येतो. एआय न वापरणाऱ्या माणसाचीही पुंजी इथे अशी अडकते.

सगळ्यांना एकाच मापाने मोजणंही चूक. अल्फाबेट (गूगलची मालक), मायक्रोसॉफ्ट, ॲमेझॉन, मेटा यांचे जुने धंदे भक्कम रोख देतात. त्यांनी पैसा वाया घालवला तर भागधारक रडतील, कंपनी उभी राहील. ओरॅकलचं तसं नाही. मे २०२५ ला संपलेल्या वर्षात भांडवली खर्च वजा जाता तिचा रोख प्रवाह उणे झाला होता, आणि सप्टेंबरमध्ये तिने १८ अब्ज डॉलरचे रोखे विकले. कोअरवीव्ह कर्जावरच वाढली आहे. ओपनएआय आणि ‘क्लॉड’ बनवणारी अँथ्रॉपिक नव्या गुंतवणुकीच्या फेऱ्यांवर चालतात. म्हणजे फेरी लांबली किंवा कमी मूल्यांकनाला झाली, तर झळ आधी तिथे बसेल आणि मग त्यांना क्षमता विकणाऱ्यांना.

येणं अंदाजाचं का? जुन्या सॉफ्टवेअरची आणखी एक प्रत विकायला जवळजवळ काही खर्च येत नसे. इथे प्रत्येक उत्तराला चिप, वीज आणि वेळ लागतो, आणि जास्त वापरणारा ग्राहक जास्त महाग पडतो. जानेवारी २०२५ मध्ये ऑल्टमन यांनीच सांगितलं होतं की महिना २०० डॉलरच्या योजनेवरही तोटा होतोय, कारण लोक अपेक्षेपेक्षा खूप वापरतात. शब्दामागचा खर्च उतरतोय हे खरं, पण विचार करून उत्तर देणारी मॉडेलं एका प्रश्नामागे पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त शब्द आतल्या आत खर्च करतात. चॅटजीपीटीचे बहुसंख्य वापरकर्ते फुकटचे आहेत. जानेवारी २०२६ मध्ये जाहिरातींची चाचणी जाहीर झाली ती त्याच अडचणीतून. त्यात स्पर्धा भाव पाडते. २७ जानेवारी २०२५ रोजी डीपसीक या स्वस्त चिनी मॉडेलच्या धसक्याने एनव्हिडियाचं बाजारमूल्य एका दिवसात जवळजवळ ६०० अब्ज डॉलरने घसरलं. तेव्हा गाजलेला ५६ लाख डॉलरचा खर्च फक्त शेवटच्या प्रशिक्षण-फेरीचा होता, संशोधन आणि यंत्रांची खरेदी सोडून. पण बाजाराला त्यातली खरी गोष्ट बरोबर कळली: आज जे मॉडेल महाग विकलं जातंय, त्याच्या जवळपासचं काही महिन्यांत स्वस्त मिळू शकतं.

आता धोके. माणसांवर होणारे आणि पैशाचे, हे दोन्ही एकमेकांत गुंतलेले आहेत. एकच उदाहरण पुरेसं आहे. एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआयने आपली सुरक्षा-चौकट सुधारली, तेव्हा त्यात कलम घातलं: दुसऱ्या एखाद्या कंपनीने तोडीचे बंदोबस्त न करता उच्च धोक्याची प्रणाली बाजारात आणली, तर आम्ही आमच्या अटी बदलू शकतो. म्हणजे स्वतःवर घातलेला नियम शर्यत तापली की सैल होऊ शकतो, हे नियमातच लिहिलेलं आहे. त्याच वर्षी मार्चमध्ये गूगलने जेमिनी २.५ प्रो हे मॉडेल लोकांसमोर आणलं, तेव्हा त्याची सुरक्षा-माहिती देणारा कागद सोबत नव्हता. तो काही आठवड्यांनी आला. स्वेच्छेची चौकट वाचताना तीन गोष्टी शोधा. थांबण्याची पातळी आकड्यात किंवा चाचणीत मांडली आहे का? ती ओलांडली हे कोण ठरवतं, उत्पादन विकणारेच का? आणि अपवादाचं कलम कुठे दडलं आहे?

तांत्रिक धोक्यांतला सर्वांत व्यवहारी धोका म्हणजे घुसवलेल्या सूचना. भाषा-मॉडेलला मालकाचा हुकूम आणि वाचायला दिलेला मजकूर यांत पक्की भिंत नसते; दोन्ही एकाच प्रवाहात येतात. त्यामुळे ईमेलमध्ये किंवा वेबपानावर लपवलेलं ‘ही फाइल अमुक पत्त्यावर पाठव’ हे वाक्य सहायक हुकूम म्हणून पाळू शकतो. गाळण्या लावून प्रमाण कमी होतं, शून्य होत नाही. खासगी माहिती पाहण्याची मुभा, परका मजकूर वाचण्याची मुभा आणि बाहेर काही पाठवण्याची मुभा या तिन्ही एकाच सहायकाला एकत्र देऊ नका. कोणतीही एक काढली की हल्ल्याची वाट बरीच अरुंद होते. गैरवापराची बाजूही आहेच. नोव्हेंबर २०२५ मध्ये अँथ्रॉपिकने जाहीर केलं की चीनच्या सरकारशी जोडलेल्या गटाने तिचं क्लॉड कोड हे प्रोग्रॅम लिहिणारं साधन वापरून सुमारे ३० लक्ष्यांवर हेरगिरीचे हल्ले चालवले आणि मोजक्या ठिकाणी ते यशस्वी झाले. ही माहिती कंपनीनेच दिलेली आहे, हे लक्षात ठेवून ती वाचावी.

कायदेशीर देण्यांत सर्वांत शिकवणारं प्रकरण लेखकांनी अँथ्रॉपिकवर केलेल्या दाव्याचं. जून २०२५ मध्ये न्यायाधीश विल्यम अल्सप यांनी दोन गोष्टी वेगळ्या केल्या: विकत घेतलेल्या पुस्तकांवर मॉडेल शिकवणं त्यांनी योग्य वापरात (परवानगीशिवाय चालणाऱ्या, कायद्याने मान्य वापरात) धरलं, पण चोरट्या संकेतस्थळांवरून उतरवलेल्या प्रतींचा संग्रह बाळगणं धरलं नाही. नंतर १.५ अब्ज डॉलरची तडजोड झाली, सुमारे पाच लाख पुस्तकांसाठी प्रत्येकी ३,००० डॉलरच्या आसपास. कंपनीने काय शिकवलं याहून माल कुठून आणला हा प्रश्न महाग पडला. ग्राहक कंपन्यांनीही धडा घ्यावा असा निकाल फेब्रुवारी २०२४ मध्ये कॅनडात लागला. एअर कॅनडाच्या चॅटबॉटने प्रवाशाला चुकीची सवलत सांगितली, आणि ‘बॉट स्वतःच्या बोलण्याला स्वतः जबाबदार’ हा विमान कंपनीचा बचाव न्यायाधिकरणाने फेटाळला.

कंपनीची घटना संकटात किती टिकते, हे नोव्हेंबर २०२३ मध्ये दिसलं. १७ तारखेला ओपनएआयच्या ना-नफा संचालक मंडळाने ऑल्टमन यांना काढलं. सुमारे ७७० कर्मचाऱ्यांपैकी ७०० हून अधिक जणांनी सोडून जाण्याची धमकी दिली, आणि पाच दिवसांत ऑल्टमन परत आले. तेव्हा कर्मचाऱ्यांचे समभाग सुमारे ८६ अब्ज डॉलरच्या मूल्यांकनाला विकण्याचा व्यवहार वाटेत होता. कागदावर सत्ता मंडळाची होती. भांडवल, संगणक आणि माणसं दुसरीकडे होती. ऑक्टोबर २०२५ च्या फेररचनेत ना-नफा प्रतिष्ठानाकडे सुमारे २६ टक्के हिस्सा आणि संचालक नेमण्याचा अधिकार राहिला. डेलावेअर आणि कॅलिफोर्नियाच्या महाधिवक्त्यांनी अटी घालून वाट मोकळी केली. ओपनएआयची नवी कंपनी आणि अँथ्रॉपिक दोन्ही ‘लोकहित महामंडळ’ प्रकारच्या आहेत. या नावाने भारावून जाऊ नका. संचालकांनी नफा आणि लोकहित यांत तोल राखायचा असतो, पण तो राखला नाही म्हणून कोर्टात जाण्याचा हक्क ठरावीक हिस्सा असलेल्या भागधारकांनाच असतो. ज्या लोकांच्या हिताचं नाव घेतलं, त्यांना नाही.

आणि आता राजकारण. मागण्या साधारण पाच आहेत: राज्याराज्याचे वेगळे कायदे नकोत, वीज आणि परवाने लवकर हवेत, चिपच्या निर्यातीचे नियम सोयीचे हवेत, प्रशिक्षणासाठी मजकूर मोकळा हवा, आणि सरकारने ग्राहक किंवा हमीदार व्हावं. पाचही मागण्या खर्च कमी करणाऱ्या, वेळ वाचवणाऱ्या किंवा कर्ज स्वस्त करणाऱ्या आहेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये ओपनएआयच्या वित्तप्रमुख सारा फ्रायर यांनी चिपसाठीच्या कर्जाला सरकारी हमीचा उल्लेख केला, गदारोळ झाला, शब्द मागे घेतले गेले, आणि ऑल्टमन यांनी डेटा सेंटरसाठी सरकारी हमी नको म्हणून सांगितलं. पण त्याच्या आठवडाभर आधी, २७ ऑक्टोबरच्या पत्रात कंपनीने व्हाइट हाउसकडे मागणी केली होती की चिप कारखान्यांना मिळणारी ३५ टक्के करसवलत एआय डेटा सेंटर आणि सर्व्हर बनवणाऱ्यांनाही द्यावी. हमीला सगळ्यांचा विरोध होतो. करसवलत कोणाच्या डोळ्यांवर येत नाही.

राज्यांच्या कायद्यांवरची लढाई अमेरिकेत अशी झाली. सप्टेंबर २०२४ मध्ये कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर न्यूसम यांनी एआय सुरक्षेचं एसबी १०४७ हे विधेयक नामंजूर केलं. वर्षभराने त्यांनीच सौम्य एसबी ५३ वर सही केली: सर्वांत मोठ्या मॉडेलांच्या कंपन्यांनी सुरक्षा-चौकट जाहीर करायची, गंभीर घटना १५ दिवसांत कळवायची, दंड उल्लंघनामागे १० लाख डॉलरपर्यंत. अब्जांत खेळणाऱ्यांना हा दंड चिल्लर आहे. कायद्याचं खरं बळ जाहीर करण्याच्या सक्तीत आहे. दरम्यान, राज्यांना दहा वर्षं एआय कायदे लागू करण्यापासून रोखणारं कलम प्रतिनिधिगृहाने मंजूर केलं, आणि १ जुलै २०२५ रोजी सेनेटने ते ९९ विरुद्ध १ मतांनी काढून टाकलं. डिसेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी कार्यकारी आदेश काढून तोच हेतू दुसऱ्या वाटेने पुढे नेला: राज्यांच्या कायद्यांना कोर्टात आव्हान देणारं पथक आणि केंद्रीय ब्रॉडबँड निधीला अटी. कार्यकारी आदेशाने राज्याचा कायदा रद्द होत नाही. पण खटल्याची टांगती तलवार आणि निधीची भीती एवढ्याने छोटं राज्य हात आखडतं.

निवडणुकीतला पैसा समजून घ्यायचा तर ‘सुपर पॅक’ या प्रचारनिधी-संस्थेची यंत्रणा पाहा. ती कितीही देणगी घेऊ शकते, उमेदवाराशी संगनमत करू शकत नाही, जाहिराती मात्र हव्या तितक्या करू शकते. ऑगस्ट २०२५ मध्ये ‘लीडिंग द फ्यूचर’ ही एआय उद्योगाची सुपर पॅक उभी राहिली. अँड्रीसन हॉरोविट्झ ही गुंतवणूक कंपनी आणि ओपनएआयचे ग्रेग ब्रॉकमन हे मुख्य पाठीराखे, आणि १० कोटी डॉलरहून अधिक बांधिलकी. पहिलं जाहीर लक्ष्य होते न्यूयॉर्कच्या ‘रेज’ या एआय सुरक्षा कायद्याचे प्रवर्तक आणि आमदार ॲलेक्स बोअर्स. मेटाने स्वतःच्या वेगळ्या पॅक काढल्या. उलट बाजूला अँथ्रॉपिकने फेब्रुवारी २०२६ मध्ये नियमनाच्या बाजूच्या गटाला दोन कोटी डॉलर दिले. नियम हवेत म्हणणारीही निवडणुकीत पैसाच ओतते, आणि कडक नियम छोट्या स्पर्धकांना जास्त जड जातात, हे दोन्ही एकदम लक्षात असू द्या. साचा २०२४ चा आहे, आभासी चलनवाल्यांच्या ‘फेअरशेक’चा. त्यांच्या जाहिरातींत चलनाचा उल्लेख क्वचितच असे. विरोधकाच्या दुसऱ्याच दुखऱ्या नसेवर बोट ठेवलं जाई. एका-दोघांना पाडलं की पुरतं. बाकीचे विधेयक मांडण्याआधीच हिशेब करतात, आणि हा परिणाम कुठल्याच खर्चाच्या विवरणात दिसत नाही.

युरोपात पैशाऐवजी वेळापत्रकावर जोर असतो. तिथला एआय कायदा १ ऑगस्ट २०२४ ला अमलात आला, अनेक कामांना चालणाऱ्या, चॅटजीपीटीमागच्यासारख्या मॉडेलांवरची बंधनं २ ऑगस्ट २०२५ पासून. मेटाने त्यासोबतच्या आचारसंहितेवर सही नाकारली. नोव्हेंबर २०२५ मध्ये युरोपीय आयोगानेच उच्च-जोखीम गटाची बंधनं डिसेंबर २०२७ पर्यंत पुढे ढकलण्याचा प्रस्ताव मांडला. कायदा रद्द करण्यापेक्षा तारीख ढकलणं सोपं असतं, आणि वर्षा-दीड वर्षात बाजार वाटून झालेला असतो.

सरकार ग्राहक म्हणूनही आत येतं. जुलै २०२५ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याने अँथ्रॉपिक, गूगल, ओपनएआय आणि एक्सएआय यांना प्रत्येकी २० कोटी डॉलरपर्यंतचे करार दिले. ऑगस्टमध्ये ओपनएआय आणि अँथ्रॉपिकने केंद्रीय कार्यालयांना आपली सेवा वर्षासाठी एका डॉलरला देऊ केली. कमाई म्हणून ती शून्यच. पण कामाच्या सवयी, फाइली आणि प्रशिक्षण एका साच्यात बसलं की दुसऱ्या वर्षी भाव कोण ठरवणार? हे नातं मात्र एकतर्फी नाही. त्याच ऑगस्टमध्ये चीनला एच२० ही एआय चिप विकायच्या परवान्याच्या बदल्यात त्या विक्रीचा १५ टक्के वाटा सरकारला द्यायचं एनव्हिडियाने मान्य केलं. सरकारची मेहेरबानी घेतली की सरकारही हिस्सा मागतं.

या सगळ्याला लोकांचा लगाम कुठे बसेल, तर विजेच्या बिलात, असा माझा अंदाज आहे. अमेरिकेत १३ राज्यांना वीज पुरवणाऱ्या पीजेएम जाळ्याच्या क्षमता-लिलावात एका मेगावॉटचा दिवसाचा भाव २०२४-२५ साठी २८.९२ डॉलर होता. २०२५-२६ साठी तो २६९.९२ झाला. बाजार-निरीक्षकाने वाढीचा मोठा भाग डेटा सेंटरच्या मागणीवर टाकला. नोव्हेंबर २०२५ मध्ये जॉर्जियाच्या वीज-नियामक आयोगाच्या निवडणुकीला असलेल्या दोन्ही जागा वीजदरांच्या मुद्द्यावर विरोधकांनी जिंकल्या. बुद्धिमत्तेच्या दूरच्या धोक्यांवर मतदान होत नाही, बिलावर होतं.

स्वतः लक्ष ठेवायचं असेल तर तिमाहीला दोन तास पुरतात. विवरणपत्रांत पाच जागा पाहा: सर्व्हरचं धरलेलं आयुष्य, सही झालेले पण सुरू न झालेले भाडेपट्टे, उरलेल्या ऑर्डरींतला मोठ्या ग्राहकाचा वाटा, इतर कंपन्यांना दिलेल्या हमी, आणि हिस्सा असलेल्या कंपन्यांमुळे आलेला तोटा. भाडेपट्ट्यांची रक्कम मुख्य तक्त्यात नसते, टिपणांत असते. तिथेच बरंच काही लपतं. अमेरिकेतली लॉबिंगची विवरणं २० जानेवारी, २० एप्रिल, २० जुलै आणि २० ऑक्टोबरपर्यंत भरायची असतात. त्यांत एकूण रकमेपेक्षा विधेयकांचे क्रमांक वाचा. व्यापारी संघटनांमार्फत केलेलं काम कंपनीच्या नावावर दिसत नाही, म्हणून संघटनांची विवरणंही उघडा.

आणि तुमची संस्था या कंपन्यांची सेवा घेत असेल, तर फुकटच्या किंवा तोट्यातल्या भावावर तीन वर्षांचं अंदाजपत्रक बांधू नका. दर तिप्पट झाला तरी काम परवडतं का ते आधी मांडा. मॉडेल बंद होण्याआधी किती दिवसांची सूचना मिळेल हे करारात लिहून घ्या. आपल्या कामाच्या शंभर-दोनशे खऱ्या नमुन्यांचा चाचणी-संच स्वतःजवळ ठेवा, म्हणजे पुरवठादार बदलायची वेळ आली तर दुसरं मॉडेल चालतं की नाही हे दोन दिवसांत कळेल.